घराची जाहिरात लिहिताना: कोल्हापुरातले मालक आणि एजंट वारंवार विचारतात ते प्रश्न

गेली काही वर्षं मी कोल्हापुरातल्या एजंटांसाठी आणि थेट घरमालकांसाठी घरांच्या जाहिराती लिहिते. त्याआधी एका दैनिकाच्या छोट्या जाहिरातींच्या काउंटरवर बसायचे. तिथं शब्दाला पैसे पडायचे, तरी लोक 'प्रशस्त' आणि 'आलिशान' यांचे पैसे भरायचे आणि खोल्या किती ते गाळायचे. आता मोबाइलवर शब्द फुकट झालेत, सवय मात्र गेलेली नाही. तेच तेच प्रश्न फोनवर येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते.

चांगली जाहिरात कशी ओळखायची?

ती वाचून ज्याला ते घर नको असेल त्यानं फोन करू नये आणि ज्याला हवं असेल त्यानं रविवारची वाट बघू नये. चाळीस फोन आले म्हणून जाहिरात चांगली ठरत नाही. त्यातले पस्तीस 'लिफ्ट आहे का?' एवढं विचारून ठेवणारे असतील, तर तुम्ही लिफ्टचं लिहायला विसरला आहात.

एक नमुना बघा. असा मजकूर माझ्याकडे आठवड्यातून दोनदा तरी येतो:

"रंकाळा व्ह्यू, आलिशान, प्रशस्त, हवेशीर २ बीएचके. प्राइम लोकेशन. सर्व सोयींनी युक्त. फक्त सुशिक्षित शाकाहारी फॅमिली. त्वरित संपर्क."

मालकाला दहा प्रश्न विचारून झाल्यावर तोच मजकूर असा होतो:

"फुलेवाडी रिंग रोडपासून आत दुसरी गल्ली. दुसरा मजला, लिफ्ट नाही. २ बीएचके, कार्पेट ६४० चौ. फूट, शिवाय पश्चिमेला बाल्कनी. स्वयंपाकघराला लागून धुण्या-भांड्याची वेगळी जागा. नळाला रोज सकाळी पाणी, वापरायला बोअर. दुचाकी आत लागते, चारचाकी रस्त्यावर. रंकाळा गच्चीवरून दिसतो, घरातून नाही. भाडे ११,०००, डिपॉझिट ५०,०००. करार नोंदणीकृत, ११ महिने."

गच्चीच्या त्या ओळीवर मालक अडून बसतात. पण 'रंकाळा व्ह्यू' वाचून आलेला माणूस हॉलच्या खिडकीतून शेजारच्या टाकीकडे बघतो आणि तिथून पुढं तुमच्या कुठल्याच शब्दावर त्याचा विश्वास बसत नाही. गच्चीचं आधीच कळलं असेल, तर तो आपणहून विचारतो, "गच्चीवर जाऊन बघू का?"

मग विशेषणं अजिबात वापरायचीच नाहीत का?

वापरा, पण ज्याला मोजता येतं त्याला विशेषण लावू नका. 'मोठा हॉल' म्हणण्यापेक्षा '१६ बाय ११' म्हणा. 'हवेशीर' म्हणायचं असेल, तर कोणत्या दोन भिंतींना समोरासमोर खिडक्या आहेत ते सांगा. 'शांत परिसर' हा शब्द तर मी लिहायचाच सोडलाय, कारण गणपतीत शांत राहणारी गल्ली या शहरात मला अजून सापडायची आहे.

जुन्या पेठांतल्या घरांना मात्र शब्दांची गरज असते, आणि ते शब्द आपल्याकडे आहेत. शिवाजी पेठेतलं एक घर 'जुने बांधकाम, पाडून बांधण्यास योग्य' एवढ्या एका ओळीवर कित्येक महिने पडून होतं. जाऊन बघितलं तर पुढं सोपा (म्हणजे ओसरी), मग माजघर, मागं परडं, परड्यात विहीर आणि पेरूचं झाड. तेवढंच लिहिलं आणि खाली 'दुरुस्ती लागेल, कौलं बदलावी लागतील' हेही घातलं. आठ दिवसांत तीन कुटुंबं बघून गेली. तिघांपैकी कुणालाच ते पाडायचं नव्हतं.

चौरस फूट कोणते लिहू? कार्पेट, बिल्टअप की सुपर बिल्टअप?

कार्पेट. दुसरा आकडा द्यायचाच असेल, तर तो कार्पेटच्या नंतर आणि नाव घेऊन द्या. २०१६ च्या रेरा कायद्यात, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या नियमनाच्या कायद्यात, कार्पेटची व्याख्या स्पष्ट आहे: घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारं क्षेत्र. आतल्या पार्टिशनच्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतःची बाल्कनी किंवा व्हरांडा आणि स्वतःची उघडी गच्ची धरत नाहीत. म्हणून बाल्कनीचा आकडा वेगळा लिहायचा.

इथं एक हिशेब नेहमी चुकतो. समजा १,००० चौ. फूट सुपर बिल्टअप आणि ३५ टक्के लोडिंग, म्हणजे भिंती, जिना, लिफ्ट अशा जागांपोटी वाढवलेलं क्षेत्र. गिऱ्हाईक हजारातून ३५ टक्के वजा करतं आणि ६५० धरतं. पण लोडिंग कार्पेटवर चढवलेलं असतं, त्यामुळे हजाराला १.३५ नं भागायचं. कार्पेट येतं साधारण ७४०. म्हणजे आकडा झाकून तुम्ही स्वतःचंच घर नव्वद फुटांनी लहान करून घेता. दराचंही तसंच. ४५ लाखांचा फ्लॅट सुपर बिल्टअपवर चौ. फुटाला ४,५०० दिसतो आणि कार्पेटवर ६,००० च्या वर जातो. ते आज ना उद्या गिऱ्हाइकाच्या लक्षात येणारच. व्यवहार ठरायच्या वेळी लक्षात येण्यापेक्षा जाहिरातीतच आलेलं परवडतं.

प्लॉटच्या जाहिरातीत काय सांभाळायचं?

तीन शब्द. पहिला, गुंठा. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १,०८९ चौ. फूट. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि एक आर म्हणजे १०० चौ. मीटर, सुमारे १,०७६ चौ. फूट. बोलताना आपण दोन्ही एकच धरतो. एका प्लॉटला फरक जाणवत नाही, पण २० आर जमिनीला '२० गुंठे' लिहिलं की अडीचशे चौ. फूट नुसतेच हवेत राहतात. मोजणी लावली की ते सापडत नाहीत.

दुसरा, एन.ए. बिगरशेती झाल्याचा अधिकृत कागद हातात असेल तरच 'एन.ए. प्लॉट' लिहा. आर झोनमध्ये (रहिवासी विभागात) येतो म्हणजे एन.ए. झाला असं नव्हे. झोन म्हणजे आराखड्यात ठरवलेला जमिनीचा वापर, बिगरशेतीचा कागद ही वेगळी गोष्ट. 'एन.ए. प्रोसेसमध्ये' असं लिहू नका. प्रोसेस कुठल्या टेबलावर आहे ते कुणालाच माहीत नसतं.

तिसरा, टच. 'हायवे टच', 'रोड टच' म्हणजे प्लॉटची हद्द खरोखर रस्त्याला भिडलेली. मध्ये दुसऱ्याचं एक वाफाभर रान असलं तरी तो टच नाही.

पुराबद्दल लिहायचं का? लिहिलं तर गिऱ्हाईक पळेल.

कोल्हापुरात हा प्रश्न टाळता येत नाही. २०१९ आणि २०२१ नंतर बाहेरगावचा माणूससुद्धा पहिल्या फोनला विचारतो, "पाणी येतंय का तिथं?" सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, दुधाळी, रमणमळा ही नावं लोकांनी बातम्यांत बघितलेली आहेत. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोराला पाठ असतं. अशा गावात तुम्ही गप्प बसलात, तर लोक वाईटातलं वाईट धरून चालतात.

आता शब्दांचं. 'पूरमुक्त' हा शब्द वापरू नका. ती नदीच्या वतीनं दिलेली हमी होते. जलसंपदा विभागाच्या दोन रेषा असतात: निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'पूररेषेबाहेर' असं मोघम लिहिलं, तर कोणत्या रेषेबाहेर हा प्रश्न उरतोच. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या प्लॉटवाला "निळ्याच्या बाहेर आहे की" असं म्हणून स्वतःची समजूत काढतो. तिथं 'निळ्या रेषेबाहेर, लाल रेषेच्या आत' असंच लिहा आणि नकाशाची प्रत जवळ ठेवा.

आणि जे घडलंय ते तारखेसह सांगा. "२०१९ मध्ये पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी होते, पहिल्या मजल्यावर नाही. २०२१ मध्ये रस्त्यापर्यंत आले." ही ओळ मी एका अपार्टमेंटसाठी लिहिली, तेव्हा मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. फ्लॅट गेला. घेणाऱ्यानं तळमजल्यावरचा मीटर वर घेण्याचा खर्च वळता करून मागितला, तेवढंच.

उलटी चूकही माझ्या खात्यावर आहे. मालकाच्या शब्दावर विसंबून एका रो हाऊसच्या जाहिरातीत मी 'पाणी कधीच आले नाही' असं लिहून बसले. बघायला आलेल्या बाईंनी जिन्याखालच्या भिंतीवरची ओल बघितली, बोटानं उंची मोजली आणि काही न बोलता चप्पल घातली. तेव्हापासून शेजारच्या दुकानदाराला विचारल्याशिवाय मी ही ओळ लिहीत नाही.

ठिकाण कसं सांगायचं? 'राजारामपुरीजवळ' चालेल का?

राजारामपुरीच्या कितव्या गल्लीजवळ ते सांगता येत असेल तर चालेल. आर. के. नगरातला फ्लॅट राजारामपुरीच्या नावावर आणि उचगावातला प्लॉट ताराबाई पार्कच्या नावावर विकायला काढला, तर गिऱ्हाईक स्कूटरवरून उतरायच्या आधीच चिडलेलं असतं. 'पाच मिनिटांवर' याऐवजी किलोमीटर लिहा. महाद्वार रोडवरची नवरात्रातली पाच मिनिटं आणि मे महिन्याच्या दुपारची पाच मिनिटं एक नसतात.

हद्दही लिहा. पाचगाव, उचगाव अशा भागात महापालिका की ग्रामपंचायत यावर घरफाळा, पाणी, बांधकाम परवानगी सगळं बदलतं. 'हद्दवाढीत येणार' हे विक्रीचं वाक्य म्हणून वापरू नका. ही चर्चा ऐकत इथली एक पिढी म्हातारी झाली.

'फक्त शाकाहारी', 'अमुक समाजासाठीच' असं लिहिलं तर चालतं का? घर माझंच आहे.

घर तुमचंच आहे आणि भाडेकरू निवडताना तुम्हाला बरीच मोकळीक आहे. अमेरिकेत १९६८ च्या फेअर हाउसिंग अ‍ॅक्टनं जाहिरातीतल्या शब्दांवरही बंधन घातलं, तसा घरांपुरता एकच सर्वंकष कायदा आपल्याकडे नाही. पण कायदा अजिबातच नाही, असं समजू नका. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला एखाद्या वस्तीत राहायला आडकाठी करणं हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. तृतीयपंथी व्यक्तीला घर भाड्यानं देताना किंवा विकताना भेदभाव करायला २०१९ च्या कायद्यानं मनाई आहे, आणि एचआयव्हीग्रस्तांबाबत तशीच मनाई २०१७ च्या कायद्यात आहे. सहकारी गृहनिर्माण सोसायटीलाही पात्र माणसाचं सभासदत्व पुरेशा कारणाशिवाय नाकारता येत नाही. सहकार कायद्याचं कलम २३ तेच सांगतं. त्यामुळं जातीचं किंवा धर्माचं नाव असलेली जाहिरात मी लिहीत नाही. पैसे परत करते.

याला कायद्याखेरीज आणखी एक कारण आहे. शिकायला आलेल्या पोरांना जातीमुळं राहायला जागा मिळेना, म्हणून ज्या गावात शाहू महाराजांनी बोर्डिंगं उभी करायला लावली, ते हे गाव. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ चं, मुस्लिम बोर्डिंग १९०६ चं. अशी बोर्डिंगं असलेल्या दसरा चौकातून रोज जा-ये करायची आणि मोबाइलवर 'आपल्यातलाच हवा' असं टाइप करायचं, हे मला जमत नाही.

'शाकाहारी' हा शब्द बहुतेक वेळा त्याच गोष्टीवरचा पडदा असतो. ज्या गावात रविवारी गल्लीभर तांबड्या रश्श्याचा वास सुटतो, तिथं तो शब्द घालून तुम्ही किती लोकांना परत पाठवताय, हेही मोजा. तुम्ही स्वतः त्याच घरात राहत असाल आणि स्वयंपाकघर एकच असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा कारणासकट लिहा: "स्वयंपाकघर मालकांसोबत सामायिक, त्यात मांसाहारी स्वयंपाक होत नाही." हा घराचा नियम झाला. वाचणाऱ्याला त्यात आपली जात विचारल्यासारखं वाटत नाही.

मालकच तसं लिहा म्हणतात. एजंटनं काय करायचं?

एक प्रश्न विचारायचा: म्हणजे नेमकं काय? मंगळवार पेठेतल्या एका काकांशी झालेलं बोलणं जवळजवळ जसंच्या तसं देते.

"ताई, तेवढं 'आपल्यातलाच पाहिजे' असं लिवा की."

"काका, आपल्यातला म्हणजे कोण?"

"म्हंजे आता… तुमाला कळतंय की."

"नाही कळत. आधीचा भाडेकरू आपल्यातला होता का?"

"व्हता की! पन लई दंगा. रात्री बारा बारापर्यंत पोरं गोळा व्हायची. भाडं तीन महिने थकीवलं त्यानं."

"मग आता कसला पाहिजे?"

"दंगा न करनारा. येळेवर भाडं देनारा."

मग आम्ही लिहिलं: "मालक खाली राहतात. रात्री १० नंतर शांतता. भाडे दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत. नोंदणीकृत करार, पोलीस व्हेरिफिकेशन." काकांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे बरं हाय. आपल्यातला सुदा ह्यात अडकतोय."

'बॅचलर नको' तरी लिहू का?

हाच प्रश्न पुन्हा विचारा. त्रास माणसांच्या संख्येचा असेल तर 'जास्तीत जास्त तीन व्यक्ती' लिहा, पाहुण्यांचा असेल तर तो नियम लिहा. शिवाजी विद्यापीठाच्या बाजूला 'बॅचलर नको' म्हणणारा मालक सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकालाच दार लावतो. शिवाय आता १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झालंय. सोलापूर, सातारा, सिंधुदुर्गातून येणारे वकील आठवड्यातले दोन-तीन दिवस राहायला खोली शोधतात. ते फॅमिली घेऊन येत नाहीत.

मुलींच्या वसतिगृहवजा खोल्यांना 'मुलींसाठी' लिहिणं मला गैर वाटत नाही. न्हाणीघर एकच असतं. पण त्यापुढं 'घरंदाज', 'साध्या वळणाच्या' हे काय? खोलीला कुलूप कसं आहे ते लिहा.

वास्तू आणि दिशा?

दिशा लिहा, फळ लिहू नका. 'मुख्य दरवाजा पूर्वेला' ही माहिती झाली. 'धनलाभ देणारे घर' लिहिलं, तर मग विकताय कशाला, असं मीच विचारेन.

महारेराचा क्रमांक कधी लागतो?

महारेरा म्हणजे रेरा कायदा राबवणारं राज्याचं प्राधिकरण. त्याच्याकडे नोंदणी लागणारा नवा प्रकल्प असेल तर क्रमांकाशिवाय जाहिरातच करायची नाही, व्हॉट्सॲपच्या स्टेटसलाही नाही. भूखंड ५०० चौ. मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणीतून सूट आहे. पेठांतल्या बऱ्याच लहान अपार्टमेंटना ती मिळते. जाहिरातीत क्रमांकासोबत महारेराच्या वेबसाइटचा पत्ता हवा आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही हवा. कोड नसेल तर दंड ५०,००० रुपयांपर्यंत. नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटकडे स्वतःचीही नोंदणी असावी लागते. तुम्ही स्वतःचा राहता फ्लॅट रिसेलला काढलात किंवा खोली भाड्यानं देताय, तर यातलं काही नको.

बिल्डरसाठी लिहिणाऱ्यांनी रेरा कायद्याचं कलम १२ जरूर वाचावं. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई द्यावी लागते. त्याला व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासकट परत. 'प्रस्तावित जलतरण तलाव' हा शब्दप्रयोग म्हणूनच जपून. मंजूर नकाशात नसेल तर चित्रातही नको.

किंमत लिहावी की 'संपर्क करा'?

लिहा. थोडी सोडायची तयारी असेल तर 'बैठकीत थोडे कमी-जास्त' हे आपलं जुनं वाक्य पुरेसं आहे. देखभाल खर्च, पार्किंगचे वेगळे पैसे, ब्रोकरेज कोण देणार, हे त्याच ओळीत यावं. 'अर्जंट विक्री' लिहू नका. समोरचा पहिल्या वाक्यातच पाच लाख पाडून मागतो.

फोटोंना मजकूर लागतो का?

एक-एक ओळ लागते. कोणती खोली, कोणत्या दिशेनं काढला आणि कधी. पावसाळ्यानंतर काढलेला फोटो टाका. एप्रिलमधली भिंत सगळ्यांचीच कोरडी असते.

जाहिरात कधी काढायची?

टोकन घेतलं त्याच दिवशी संध्याकाळी. गेलेलं घर मुद्दाम ठेवून त्याच्यावर फोन गोळा करायचे आणि मग "ते गेलं, पण दुसरं दाखवतो" म्हणायचं, ही चाल बाजारात सगळ्यांना माहीत आहे. गडहिंग्लजहून मुलीच्या ॲडमिशनसाठी आलेलं एक जोडपं अशाच जाहिरातीवरून सकाळची एसटी पकडून आलं होतं. राजारामपुरीत पोहोचल्यावर त्यांना कळलं, की ती खोली दिवाळीतच गेली. मी तेव्हा त्याच एजंटकडं बसले होते आणि ती जाहिरात मीच लिहिलेली होती. आता प्रत्येक मजकुराच्या खाली तारीख घालते आणि दर पंधरा दिवसांनी मालकाला फोन करून विचारते, "आहे का अजून?"